हवालदाराच्या पंखांचा कौल

आधी चहा संपवा. मधेच ठसका लागला तर मला बोल लावू नका. जो मूर्खपणा मी सांगणार आहे तसला अख्ख्या बडोद्यात दुसऱ्या कुणी केला नसेल, आणि केला असेल तर तो असा चारचौघांत सांगत बसला नसेल. मी सांगते, कारण मी नाही सांगितलं की शेजारच्या हंसाकाकी सांगतात. आणि त्या त्यात मीठमसाला घालतात. मीठमसाला कसला, साखर!

तर तेव्हा आम्ही रावपुऱ्यातलं जुनं घर सोडून वासण्याला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. घराघरात केबल येत होती, लोक शेअरबाजाराबद्दल दुधाच्या भावासारखे बोलत होते, आणि मी बी.एस्सी. केमिस्ट्री पहिल्या वर्गात पास होऊन एम.एस्सी.ला गेले होते. म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. घरातल्या मोठ्यांना काही कळत नाही, हे तर त्याच्याही आधी कळलं होतं.

एका संध्याकाळी कॉलेजातून येताना बघते तर काय, सोसायटीच्या भिंतीपाशी चार-पाच कावळे एका पोपटाला टोचून टोचून हैराण करत होते. मी मोपेड तशीच टाकली, चप्पल काढली आणि कावळ्यांवर धावले. पोपट ओढणीत गुंडाळून घरी आणला. मोडलं बिडलं काही नव्हतं, नुसता घाबरला होता. पायात पितळेचं कडं होतं, म्हणजे कुणाचा तरी पाळलेला. चार घरं विचारलं, कुणाचाच निघाला नाही.

छाती पुढे काढून चालायचा, म्हणून अण्णांनी त्याचं नाव ठेवलं हवालदार. अण्णा म्हणजे माझे आजोबा. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आणि अण्णा जरी जन्मभर कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले, तरी बोलतात असे की जणू बाहेर घोडा बांधलाय.

पहिले काही दिवस हवालदार गुमान होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला पंख आहेत. आणि आमच्या घरात अराजक माजलं!

तो आत्याच्या वरणात उतरला. अण्णांच्या चष्म्यावर बसला आणि तिथे करू नये ते केलं. बाबा नंदेसरीच्या कारखान्यातून पाळी करून येऊन झोपले की त्यांच्या पोटावर शिस्तीत कवायत. पंखा लावायची चोरी. आणि रोज संध्याकाळी खिडकीच्या गजावर बसून बाहेर बघायचा. एक डोळा बाहेर, एक डोळा माझ्या पेरूवर.

"याचे पंख कापायला हवेत," अण्णा म्हणाले.

झालं! माझ्या अंगाची लाही लाही.

"कापायला? अण्णा, तो पक्षी आहे! पंख हा त्याचा मूलभूत हक्क आहे!"

"हो. पण उत्तरायण तोंडावर आलंय, पतंगांचे दिवस. बाहेर सगळा मांजा. मूलभूत हक्कानं मांजा तुटत नाही."

"मग खिडकी बंद ठेवू."

"खिडकी कोण उघडी टाकतं रोज?"

मीच टाकायचे. तत्त्व म्हणून! त्याला राहायचं तर तो आपखुशीनं राहील, जायचं तर जाईल. हे मी सगळ्यांना समजावलं. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत माझ्या हातात दोनदा ढाल आली होती, त्यामुळे समजावणं थोडं लांबलं.

आत्या शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. मोठी आत्या आमच्याकडेच राहते, आणि आई इंदूरला माहेरी गेली असल्यामुळे त्या महिन्यात घराची सत्ता तिच्याकडे होती. ती मान वर न करता म्हणाली, "अगं वैशू, पिसं आहेत ती. नखं कापतो तशी कापायची. पुन्हा येतात."

"तुझे केस कापू का मी? तेही पुन्हा येतात!"

"काप. आठवडाभर पोळ्या तू लाट."

बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. बाबांचं नेहमीच दोघांचंही बरोबर असतं. नंदेसरीला त्यांना युनियन आणि मॅनेजमेंट दोन्हीकडून दिवाळीची मिठाई येते.

भांडण आठवडाभर चाललं. मी जेवण सोडलं (दुपारचं. कॉलेजच्या बाहेर शेवउसळ मिळते). अण्णांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि हवालदारामार्फत बोलायला लागले. "हवालदार, तिला सांग, मोपेड नीट लाव." शेवटी अण्णांनी झोपाळा थांबवला आणि हुकूम काढला.

"उद्या संध्याकाळी कौल लावू. देवी सांगेल ते ऐकायचं. मी पण, आणि तू पण."

आता कौल म्हणजे काय ते ऐका. आमच्या देव्हाऱ्यात वीतभर उंचीची काळ्या दगडाची भवानी आहे. पूर्वज बडोद्याला आले ते कमरेला तलवार आणि पाठीला ही देवी बांधून. घरात काही ठरेना की तिच्या दोन खांद्यांवर दोन ओली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवीकडचं फूल आधी पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. वासण्याचं घर घ्यायचं की नाही तेसुद्धा असंच ठरलं. बँकेचं कर्ज मंजूर व्हायच्या आधी आमच्या देवीनं ते मंजूर केलं होतं.

मी काय म्हणाले असेन? "विसावं शतक संपत आलं! ओलं फूल सुकलं की पडतं, याला बाष्पीभवन म्हणतात!"

अण्णा हवालदाराला म्हणाले, "तिला सांग, बाष्पीभवन कुठल्या बाजूला आधी होतं तेच विचारायचंय."

आता बोला! अशा माणसांशी वाद कसा घालायचा?

पण मग माझ्या सुपीक डोक्यात एक कल्पना आली. आणि तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर जेवून आडवं झालं होतं. मी माझ्या प्रॅक्टिकलच्या वह्यांना लेबलं लावायची डिंकाची बाटली घेतली, ती रबरी टोपणाची, आणि देव्हाऱ्यापाशी गेले. हिशेब सरळ होता. उजवीकडचं पडलं तर पंख कापणार. म्हणून उजवीकडचं पडताच कामा नये! उजव्या खांद्यावर डिंकाचं एक झकास बोट फिरवलं. संध्याकाळपर्यंत तो वाळून दिसेनासा होणार, आणि अण्णांनी वर ओलं फूल ठेवलं की पुन्हा ओला होऊन धरणार. एवढी केमिस्ट्री मला येते.

देवीला मनात म्हटलं, "रागावू नकोस. तुझ्यावर विश्वास असता तर डिंक लावला नसता."

संध्याकाळी अण्णा धोतर नेसून बसले. आत्या बसली. बाबा बसले. हंसाकाकी दह्याचं मेळवण, म्हणजे विरजण, मागायला म्हणून आल्या आणि त्याही बसल्या. हंसाकाकी शेजारच्या बंगल्यातल्या, अस्सल गुजराती, पण आमच्या घरातलं एकही नाटक त्या चुकवत नाहीत. हवालदार माझ्या खांद्यावर. मी एकटीच प्रसन्न.

अण्णांनी शेवंतीची दोन फुलं पाण्यात बुडवून देवीच्या खांद्यांवर टेकवली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे जगदंबे, या पाखराचे पंख कापावेत, असा तुझा हुकूम असेल तर उजवं दे. नसेल तर डावं दे."

आम्ही बघत बसलो. घरात फक्त घड्याळाची टिकटिक, आणि हवालदार माझ्या कानातली रिंग चावत होता त्याची कटकट. माझ्या उजवीकडचं फूल कसं छान घट्ट बसलं होतं! डावीकडचं हळूहळू कलायला लागलं. कललं. आणखी कललं. आणि टपकन पडलं!

"जिंकले!" मी टुणकन उडी मारली. हवालदार घाबरून थेट ट्यूबलाइटवर. "डावं पडलं! नाही म्हणाली देवी! बघा अण्णा, तुमचीच देवी, तुमचाच कौल!"

आत्या माझ्याकडे, एखाद्या आजारी माणसाकडे बघावं, तसं बघत होती.

अण्णा शांतपणे म्हणाले, "वैशाली, कौल कुणाला विचारला? तुला की तिला?"

"तिला."

"मग उजवं-डावं कुणाचं धरायचं? ती आपल्याकडे तोंड करून बसली आहे."

मी देवीकडे बघितलं. देवीनं माझ्याकडे बघितलं. मी माझा उजवा हात उचलला आणि मनातल्या मनात तिच्या जागी जाऊन बसले...

अरे देवा!

देवीचं उजवं म्हणजे माझं डावं. मी डिंक लावला होता तिच्या डाव्या खांद्यावर. म्हणजे 'नाही'ला! मी स्वतःच्या हातानं 'नाही' चिकटवून टाकलं होतं!

पहिल्या वर्गात पास!

पण थांबा, हसू नका. खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी सकाळी झाला.

सकाळी आत्या देवीला आंघोळ घालायला बसली आणि एकदम ओरडली, "अण्णा!"

ते उरलेलं फूल निघेना. पाणी घातलं, निघेना. हलकेच ओढलं, तर पाकळ्या हातात आल्या आणि मधला गोंडा जागच्या जागी. मी इतका डिंक लावला होता की वह्यांची लेबलं काय, वह्यासुद्धा चिकटल्या असत्या.

"देवीनं धरून ठेवलंय!" आत्याचा आवाज कापत होता. "इतक्या वर्षांत असा कौल नाही मिळाला. तिनं 'नाही' मुठीत धरलंय, अण्णा!"

नेमक्या त्याच वेळी हंसाकाकी मेळवणाची वाटी परत द्यायला आल्या. त्यांनी ते बघितलं. वाटी हातातच राहिली. "ओ मारी मा!" एवढंच म्हणाल्या आणि पळत सुटल्या. अनवाणी!

दुपारपर्यंत आमच्या दारात चपलांचा ढीग. सोसायटीतल्या बायका, मग शेजारच्या सोसायटीतल्या बायका, मग रावपुऱ्यातली आमची जुनी मराठी मंडळी रिक्षा करकरून. कुणी नारळ आणतंय, कुणी चुनरी आणतंय. एका बाईंनी मला विचारलं, "दर्शन किती वाजेपर्यंत?" मी म्हटलं, "पाणी येईपर्यंत." त्यांनी ते खरं मानलं आणि बाकीच्यांना सांगितलं!

आणि हवालदार? गर्दी बघून महाराज खूश. बायकांच्या डोक्यावरून गिरक्या घेतोय, त्या हात जोडताहेत. "आ ज पोपट?" "हा, हा, आ ज!" हाच तो पोपट! त्याच्यासमोर डाळिंबाचे दाणे पडत होते. ज्याचे पंख कापायचे त्याचीच मिरवणूक.

एवढ्यात अण्णा बाहेर आले. "देवीनं इतकं स्पष्ट सांगितल्यावर उशीर नको. सुमन, कात्री आण."

आत्यानं शिवणाची कात्री आणली. तिला कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं, कात्रीला!

उद्या हवालदाराकडे बघायचं कुठल्या तोंडानं? त्याचे पंख माझ्या डिंकामुळे जाणार होते! आता एकच मार्ग होता. मी खोलीतून डिंकाची बाटली आणली, देव्हाऱ्यासमोर पाटावर उभी राहिले आणि वादविवाद स्पर्धेच्या आवाजात ओरडले.

"थांबा! हा चमत्कार नाही! हा डिंक आहे! मी लावलाय!"

हंसाकाकींनी बाटली हातात घेतली, टोपण काढलं, वास घेतला. "आ तो साचे ज गुंदर छे," त्यांनी जाहीर केलं. खरोखरच डिंक.

अण्णांच्या भुवया वर गेल्या. "तू? देवीला डिंक लावलास?"

"हो. कौल 'नाही' यावा म्हणून."

"पण कौल तर 'हो' आला."

"कारण मी... मी चुकीच्या बाजूला लावला."

"म्हणजे?"

"म्हणजे, माझं उजवं ते तिचं उजवं, असं वाटलं मला!"

आत्यानं कात्री खाली ठेवली. "बी.एस्सी. झालीस ना गं तू?"

"हो!"

"पहिल्या वर्गात?"

"हो, आत्या, हो!"

"आणि डावं-उजवं चुकलीस?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता बायका नाकं मुरडतील, अण्णा रागावतील, कौल रद्द होईल, हवालदार वाचेल. माझी शोभा झाली तर झाली.

तेवढ्यात रावपुऱ्याहून आलेल्या एक म्हाताऱ्या आजी पुढे सरकल्या. त्यांनी देवीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि गालफडात मारून घेत म्हणाल्या,

"अगं बया! एवढी शिकलेली पोर, पण तिचंसुद्धा डावं-उजवं फिरवलं हिनं! ही शक्ती!"

"नाही, आजी, शक्ती नाही, मी गोंधळले..."

"गोंधळलीस कशी, तेच म्हणतेय. गोंधळवलं कुणी?"

"वाह, माताजी!" हंसाकाकींनी हात जोडले. सगळ्या बायकांनी हात जोडले. बाबांनीसुद्धा! मी म्हटलं, "बाबा, तुम्ही?" तर म्हणाले, "तुझंही बरोबर आहे बेटा." आणि मी बघते तोवर कुणीतरी माझ्या डिंकाच्या बाटलीला कुंकू लावून ती देवीच्या शेजारी ठेवली होती!

सांगा मला, कुठल्या विद्यापीठात याला उत्तर शिकवतात?

मग पंख कापले. आणि हवालदाराला धरलं कुणी? मीच. दुसऱ्या कुणाच्या हातात तो राहीना. अण्णांनी तरुणपणी कबुतरं पाळली होती, त्यांनी एकेक पंख उलगडून कुठली पिसं आणि कुठपर्यंत ते दाखवलं. "दोन्ही बाजूंची सारखी घे, सुमन. नाहीतर बिचारा गोल गोल फिरेल." आत्यानं कच कच कापली. रक्त नाही, काही नाही, खरंच नखांसारखी. आत्याकडे हवालदारानं बघितलंसुद्धा नाही. कडकडून चावला तो मला. बरोबर माणसाला चावला, म्हणा.

उत्तरायणाला आम्ही सगळे अगाशीवर. म्हणजे गच्चीवर हो, आमच्याकडे अगाशीच म्हणतात. चहूकडे स्पीकर, "काप्यो छे!"च्या आरोळ्या, आभाळ दिसेना इतके पतंग. हवालदार माझ्या खांद्यावर होता. मी त्याच्याशी बोलत होते, पण अण्णांशी अजून नाही.

कुणीतरी पलीकडच्या अगाशीवर पत्र्याचा डबा बडवला. हवालदार दचकला आणि आभाळाकडे झेपावला! जोरजोरात पंख मारले, पण वर जाता येईना. तरंगत तरंगत माझ्या पायाशी उतरला. आणि त्याच क्षणी एक कापलेला पतंग कठड्यावरून सरकत गेला. त्याचा मांजा माझ्या डोक्याच्या थोडा वर, नेमका हवालदार झेपावला होता तिथून, सुरीसारखा सर्रकन ओढला गेला. वाळत घातलेली आत्याची साडी मधोमध फाटली.

मी खाली बसले आणि हवालदाराला पोटाशी धरलं. त्याचं काळीज धडधडत होतं. माझंही.

अण्णांनी काही म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते. त्यांनी नुसती तिळाची चिक्की पुढे केली. मी घेतली. चिक्की दाताला चिकटली म्हणून बरं, बोलावं लागलं नाही.

एवढ्यात हंसाकाकी उंधियूची थाळी घेऊन वर आल्या. थाळी ठेवली आणि मला हाताला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं. इकडे तिकडे बघितलं, आणि कुजबुजल्या की त्यांना शेअर घ्यायचे आहेत, काका नको म्हणतात, पण काका देवभोळे आहेत. तर मी येऊन त्यांच्या देवघरात एक कौल लावून द्यावा. 'हो' यायला हवा.

मी ताडकन म्हटलं, "काकी, काहीतरीच काय! मी या असल्या गोष्टी मानत नाही. माझा देवावर विश्वासच नाही!"

"देवनुं हुं जोई लईश, बेटा," काकींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तुं फक्त गुंदर लगाड!"

देवाचं त्या बघून घेणार. मी फक्त डिंक लावायचा!

आता अशा वेळी शिकलेल्या, स्वाभिमानी, विज्ञाननिष्ठ मुलीनं काय करावं? कडक शब्दांत नकार द्यावा. मीही तोच द्यायला तोंड उघडलं. पण तोंडातून काय निघालं, माहितीये?

"काकी, तुमच्या उजवीकडे की देवाच्या?"